देवडीवरची गळती

फेब्रुवारी २०१७च्या मध्याला गूगलच्या ‘प्रोजेक्ट झिरो’ या सुरक्षा-संशोधन गटातले टॅव्हिस ऑर्मंडी एका निराळ्याच कामात होते. सॉफ्टवेअरमधल्या चुका हुडकण्यासाठी त्याला मुद्दाम वेडावाकडा मजकूर भरवून पाहण्याची एक पद्धत आहे. तिला नमुने लागतात. त्यासाठी ऑर्मंडी वेबवरून जमवलेल्या पानांचा मोठा साठा चाळून-गाळून घेत होते. त्या चाळणीत काही विचित्र पानं अडकली. पानाचा बराचसा भाग नेहमीसारखा होता; पण जिथे पान संपायला हवं तिथे ते संपत नव्हतं. पुढे आणखी मजकूर होता आणि तो त्या पानाचा नव्हताच. कुणाचे खाजगी निरोप, कुणाचा पासवर्ड, कुणाच्या हॉटेल-आरक्षणाचा तपशील, भलत्याच संकेतस्थळावर ‘लॉग-इन’ केलेल्या माणसाची ओळख पटवणाऱ्या कुकीज. आणि हे सगळं कुलपाच्या चिन्हाखाली, सुरक्षित म्हणून पाठवलेलं.

ज्या संकेतस्थळांच्या पानांना ही शेपटी चिकटली होती, त्यांच्यात एकच गोष्ट समान होती. ती सगळी ‘क्लाउडफ्लेअर’ या कंपनीच्या प्रॉक्सीमागे होती. तीन वर्षं आधी ‘हार्टब्लीड’ नावाच्या दोषानं जग हादरवलं होतं. त्या धर्तीवर या नव्या दोषाला ‘क्लाउडब्लीड’ हे नाव पडलं.

या लेखात मी हे प्रकरण मुळापासून मांडणार आहे. त्यात प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी धडा आहेच. पण मला त्यातून जे सांगायचं आहे ते संगणकाशी फारसा संबंध नसलेल्या वाचकालाही लागू पडतं. वेबवर आपण ज्याच्याशी बोलतो आहोत असं समजतो तो, आणि प्रत्यक्षात आपलं बोलणं ज्याच्या कानांवरून जातं तो, हे बहुतेकदा वेगळे असतात. मधल्या माणसाकडून चूक झाली, तर तिची झळ ज्याला बसते त्याला त्या माणसाचं नावही ठाऊक नसतं.

दुसऱ्याच्या वतीनं बोलणारी

‘प्रॉक्सी’ हा शब्द आपल्याकडे कॉलेजात शिकलेल्या कुणालाही नवा नाही. वर्गात नसलेल्या मित्राच्या नावाला ‘प्रेझेंट सर’ म्हणून ओरडायचं, म्हणजे प्रॉक्सी मारायची. संगणकाच्या जगातही मूळ अर्थ तोच आहे: दुसऱ्याच्या वतीनं बोलणं.

वेबचा जन्म जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ संशोधन केंद्रात झाला आणि वेब-प्रॉक्सीची कल्पनाही तिथेच आकाराला आली. आरी लुओटोनेन आणि केव्हिन आल्टिस यांनी १९९४मध्ये तिच्यावर निबंध लिहिला. तेव्हाची गरज साधी होती. संस्थेचं अंतर्गत जाळं बाहेरच्या जगापासून भिंत घालून वेगळं ठेवलेलं असे. आतल्या माणसाला बाहेरचं पान हवं असेल तर भिंतीवर बसलेली प्रॉक्सी ते त्याच्या वतीनं मागवून देई. शिवाय ती त्या पानाची प्रत स्वतःजवळ ठेवी. दुसऱ्या कुणी तेच पान मागितलं तर पुन्हा बाहेर जायला नको. पुढे ‘स्क्विड’सारख्या प्रॉक्सी याच कामासाठी कॉलेजं, कंपन्या आणि इंटरनेट पुरवठादारांकडे बसल्या. इंटरनेट महाग आणि संथ होतं त्या काळात या साठवणुकीचा मोठा आधार होता.

ही झाली वाचकाच्या बाजूनं उभी असलेली प्रॉक्सी. दुसरी जात तिच्या उलटी. ती संकेतस्थळाच्या बाजूनं उभी असते आणि तिला ‘रिव्हर्स प्रॉक्सी’ म्हणतात. जुन्या वाड्याला देवडी असे. येणारा-जाणारा आधी देवडीवर थांबे. किरकोळ काम तिथेच उरके, संशयित माणूस तिथूनच परत जाई आणि उरलेल्यांचाच निरोप आत पोचे. रिव्हर्स प्रॉक्सी म्हणजे संकेतस्थळाची देवडी. नेहमी लागणारी चित्रं आणि पानं ती स्वतःच देते, हल्ले अडवते, आणि जे खरंच आतून आणावं लागतं तेवढ्यासाठीच मूळ सर्व्हरला त्रास देते.

क्लाउडफ्लेअरनं २०१०पासून ही देवडी सेवा म्हणून द्यायला सुरुवात केली. छोट्या संकेतस्थळांना ती फुकटही मिते असे, म्हणून लाखो संकेतस्थळं तिच्यामागे गेली. कंपनी सॅन फ्रान्सिस्कोची, पण तिची यंत्रं जगभर पसरलेली. मुंबई, चेन्नई, दिल्लीतही तिची केंद्रं आहेत. म्हणजे पुण्यातल्या कुणी अमेरिकेतलं संकेतस्थळ उघडलं, तरी त्याची विनंती आधी मुंबईतल्या अशा एखाद्या केंद्रात उतरू शकते. या यंत्रांवर त्या काळी इगोर सिसोएव्ह या रशियन प्रोग्रामरनं लिहिलेल्या ‘एनजिनएक्स’ या सर्व्हरवर आधारलेलं सॉफ्टवेअर चालत होतं.

इथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा. वाड्याची देवडी एका वाड्याची असते. ही देवडी हजारो वाड्यांची मिळून एकच होती. तोच पहारेकरी, तीच बैठक, तेच टेबल.

कुलूप कुठे उघडतं?

ब्राउझरच्या पत्त्याशेजारी दिसणारं कुलूप सांगतं, की तुमच्या यंत्रापासून समोरच्या यंत्रापर्यंतचा मजकूर सांकेतिक भाषेत बांधून जातो आहे. वाटेत कुणी डोकावलं तरी त्याला काही कळणार नाही. हे खरं आहे. पण समोरचं यंत्र कोणतं, हे कुलूप सांगत नाही. संकेतस्थळ रिव्हर्स प्रॉक्सीमागे असेल, तर समोरचं यंत्र म्हणजे ती प्रॉक्सी. लिफाफा तिथे फोडला जातो.

यात फसवणूक नाही. संकेतस्थळाच्या मालकानं प्रॉक्सीला तसा अधिकार दिलेला असतो. लिफाफा न फोडता तिला कामच करता येणार नाही. विनंती वाचल्याशिवाय हल्ला ओळखायचा कसा आणि पान वाचल्याशिवाय साठवायचं कसं? पण याचा परिणाम असा, की पासवर्ड, निरोप, कुकीज हे सगळं काही क्षण का होईना, प्रॉक्सीच्या मेमरीत उघड्यावर असतं. आणि ती मेमरी हजारो संकेतस्थळांच्या कामासाठी आळीपाळीनं वापरली जाते.

क्लाउडफ्लेअर साठवणूक आणि पहारा यांपलीकडेही काही सेवा देत असे. तीन सेवा या प्रकरणात महत्त्वाच्या आहेत. पहिली, पानावरचे ई-मेल पत्ते झाकणं, म्हणजे पत्ते गोळा करत फिरणाऱ्या यंत्रांच्या हाती ते लागू नयेत. दुसरी, पानातले जुने असुरक्षित दुवे आपोआप सुरक्षित करणं. तिसरी, संशयास्पद ठिकाणाहून आलेल्या पाहुण्याला पानातला ठरावीक भाग न दाखवणं. तिन्ही सेवांना पान नुसतं पोचवून भागत नाही. ते अक्षर-अक्षर वाचावं लागतं आणि वाटेत बदलावं लागतं. हे वाचन करणाऱ्या प्रोग्रामच्या भागाला ‘पार्सर’ म्हणतात. गळती तिथे होती.

एका चिन्हाची गोष्ट

मेमरीचं काम शाळेतल्या फळ्यासारखं चालतं. तास संपला की फळा दुसऱ्या शिक्षकाकडे जातो. आधीचं लिखाण पुसलेलंच असेल असं नाही. नवे शिक्षक हवी तेवढी जागा चौकट आखून घेतात आणि तिच्यात लिहितात. चौकटीबाहेर आधीच्या तासाचं गणित अजून दिसत असतं. मुलांनी चौकटीतलंच उतरवून घ्यायचं, एवढं पाळलं की बिघडत नाही. प्रोग्रामच्या भाषेत या चौकटीला ‘बफर’ म्हणतात.

पार्सर बफरमधलं एकेक अक्षर वाचत पुढे जातो. आपण कुठवर आलो हे कळावं म्हणून तो अक्षरावर बोट ठेवतो असं समजू. दर वेळी बोट एक घर पुढे सरकतं आणि एक प्रश्न विचारला जातो: शेवट आला का? आला असेल तर थांबायचं.

क्लाउडफ्लेअरच्या जुन्या पार्सरमध्ये हा प्रश्न असा विचारला जात होता: बोट शेवटच्या खुणेच्या बरोबर जागी आहे का? हवा होता तो प्रश्न असा: बोट शेवटच्या खुणेवर किंवा तिच्यापुढे आहे का? लिहिताना फरक एका चिन्हाचा. पहिल्यात ‘==’, दुसऱ्यात ‘>=’.

एसटीत बसलेल्या पोराला सांगितलं, की दहावा थांबा आला की उतर. गाडी प्रत्येक थांब्यावर थांबली तर तो बरोबर उतरेल. पण काही कारणानं गाडी नववरून थेट अकरावर गेली, तर ‘दहावा आला का?’ या प्रश्नाचं उत्तर कधीच ‘हो’ येणार नाही. पोरगं बसूनच राहील, गाव कधीच मागे पडलेलं असेल. ‘दहावा किंवा त्यापुढचा’ असं सांगितलं असतं तर ते अकराव्याला तरी उतरलं असतं.

मग दहावा थांबा चुकायचा कसा? पान अर्धवट लिहिलेलं असेल तेव्हा. वेबपान लिहिताना ‘टॅग’ वापरतात. प्रत्येक टॅगला गुणधर्म असतात आणि गुणधर्मापुढे ‘बरोबर’चं चिन्ह देऊन त्याची किंमत लिहितात. समजा, कुणी चित्राचा किंवा स्क्रिप्टचा टॅग उघडला, गुणधर्माचं नाव लिहिलं, आणि किंमत न लिहिताच पान संपलं. असा गुणधर्म वाचताना तो धड निघाला, तर जुना पार्सर बोट एक घर मागे घेऊन पुढच्या टप्प्याला लागे. तो बिघडलेला निघाला, तर मागे घेण्याची ती एक आज्ञा त्या वाटेवर लिहायची राहून गेली होती. बोट एक घर पुढेच राही, पुढच्या पावलाला ते शेवटच्या खुणेपलीकडे पडे आणि बरोबरीचा प्रश्न कायमचा फसे. मग पार्सर चौकटीबाहेरचं, म्हणजे आधीच्या तासाचं लिखाण वाचत सुटे आणि ते सगळं पानाचाच भाग समजून वाचकाकडे पाठवून देई.

या पार्सरचा सी भाषेतला कोड माणसानं थेट लिहिलेला नव्हता. ‘रेगेल’ नावाच्या साधनाला नियम दिले की ते कोड तयार करून देतं. बरोबरीचा तो प्रश्नही अशा आपोआप तयार झालेल्या कोडमध्येच होता. मात्र दोष रेगेलचा नसून आपण ते कसं वापरलं त्याचा आहे, हे क्लाउडफ्लेअरनं स्पष्टपणे मान्य केलं.

आणखी एक तपशील बोलका आहे. पानाचा शेवटचा तुकडा ४ किलोबाइटपेक्षा मोठा असता तर प्रोग्राम कोलमडला असता. लहान असेल तरच गळती होई. कोलमडणारा प्रोग्राम कुणाच्या तरी नजरेत येतो. इथे पान व्यवस्थित पोचत होतं, ब्राउझर पुढचा कचरा दुर्लक्षित करत होता आणि तक्रार कुणाचीच नव्हती.

जुना दोष, नवं निमित्त

ही चूक जुन्या पार्सरमध्ये कित्येक वर्षं होती. इतकी वर्षं ती गळली कशी नाही? कारण तोवर पानाचे तुकडे त्याच्याकडे ज्या पद्धतीनं येत, त्या पद्धतीत चुकीची वाट कधी पूर्ण होतच नव्हती.

मग कंपनीनं सुधारणा करायला घेतली. जुना पार्सर किचकट झाला होता, म्हणून नवा लिहिला. सगळ्या सेवा एकदम न हलवता एकेक करून नव्यावर न्यायचं ठरलं. निर्णय शहाणपणाचा होता. नवा पार्सरही निर्दोष होता. पण मधल्या काळात दोन्ही पार्सर एकामागोमाग चालू लागले आणि त्यामुळे जुन्याकडे येणाऱ्या तुकड्यांची मांडणी किंचित बदलली. झोपलेली चूक तेवढ्यानं जागी झाली.

२२ सप्टेंबर २०१६ला दुवे सुरक्षित करणारी सेवा नव्या पार्सरवर गेली. ३० जानेवारी २०१७ला मजकूर लपवणारी सेवा गेली. १३ फेब्रुवारीला ई-मेल झाकणारी सेवा अंशतः गेली. ही तिसरी सेवा फार मोठ्या प्रमाणावर वापरली जात होती. कंपनीनं नंतर दिलेल्या आकड्यांनुसार पहिल्या पावणेपाच महिन्यांत ही चूक ६,०५,०३७ वेळा घडली आणि १३ ते १८ फेब्रुवारी या अवघ्या पाच दिवसांत ६,३७,०३४ वेळा.

जुन्या घराची डागडुजी करताना नवी भिंत पक्की असते, पण तिच्या भारानं जुन्या पायातली भेग उघडते. मला हा भाग महत्त्वाचा वाटतो. कारण तपासणी बहुतेक वेळा नव्या भिंतीचीच होते.

सत्तेचाळीस मिनिटं आणि पाच दिवस

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये शुक्रवार, १७ फेब्रुवारीची दुपार कलली होती. भारतात शनिवारची पहाट. ऑर्मंडी यांनी ट्विटरवर लिहिलं, की क्लाउडफ्लेअरच्या सुरक्षा विभागातल्या कुणीतरी आपल्याशी तातडीनं संपर्क साधावा. एकवीस मिनिटांत तपशील कंपनीच्या हाती होता. त्यानंतर सत्तेचाळीस मिनिटांत ई-मेल झाकण्याची सेवा जगभर बंद करण्यात आली. तोवर लंडनमधली तुकडीही कामाला लागत होती. काही तासांत दुव्यांची सेवा बंद झाली. तिसऱ्या सेवेला एका फटक्यात बंद करायची कळच नव्हती; ती आधी तयार करावी लागली. तपशील मिळाल्यापासून सात तासांच्या आत जगातल्या सगळ्या यंत्रांवरची गळती थांबली होती. एवढ्या मोठ्या व्यवस्थेसाठी हा वेग खरोखर वाखाणण्याजोगा आहे.

पण गळती थांबवणं सोपं, सांडलेलं भरून घेणं अवघड. गूगल, बिंग, याहू यांसारखी शोधयंत्रं दिवस-रात्र वेबची पानं वाचून त्यांच्या प्रती ठेवत असतात. शेपटी चिकटलेली पानंही त्यांनी इमानेइतबारे साठवली होती. म्हणजे गळलेली माहिती हवेत विरली नव्हती. योग्य शब्द टाकून शोधणाऱ्याला ती सापडू शकत होती. म्हणून दोष दुरुस्त झाल्यावरही त्याची वाच्यता झाली नाही. कंपनीची माणसं आणि शोधयंत्रांची माणसं मिळून त्या प्रती शोधून पुसत बसली. १६१ संकेतस्थळांवरच्या ७७० पत्त्यांच्या प्रती अशा पुसल्या गेल्या. २३ फेब्रुवारीला कंपनीचे तंत्रप्रमुख जॉन ग्रॅहम-कमिंग यांनी तपशीलवार अहवाल प्रसिद्ध केला आणि प्रोजेक्ट झिरोनं आपली नोंद खुली केली.

अहवाल वाचताना त्याचा प्रांजळपणा जाणवतो. चुकीचा कोड, तारखा, मिनिटांचा हिशेब सगळं त्यात आहे. संकेतस्थळांच्या मुख्य गुप्त किल्ल्या वेगळ्या प्रक्रियेत ठेवलेल्या असल्यानं त्या गळल्या नाहीत, हे त्यात आहे. आणि कंपनीच्या स्वतःच्या यंत्रांमधलं बोलणं बांधणारी एक किल्ली गळली होती, हेही आहे. तरीही ऑर्मंडी यांचं समाधान झालं नाही. तांत्रिक चिकित्सा उत्तम आहे, पण ग्राहकांना असलेला धोका फार सौम्य करून सांगितला आहे, असं त्यांनी नोंदवलं. हा मतभेद नीट पाहण्यासारखा आहे.

तेहतीस लाखांत एक

कंपनीचं म्हणणं होतं, की गळती जोरात होती त्या पाच दिवसांतही सुमारे ३३ लाख विनंत्यांमागे एखादीत ती झाली. टक्केवारीत सांगायचं तर ०.००००३. आकडा खरा आहे, आणि ऐकायला नगण्य वाटतो. पण क्लाउडफ्लेअरमधून जाणाऱ्या विनंत्यांची संख्या इतकी अफाट होती, की त्या नगण्य अंशाचे साडेबारा लाखांच्या आसपास प्रसंग झाले. तुमच्यापुरती शक्यता किती, या प्रश्नाचं उत्तर ‘फार कमी’. एकूण माहिती किती सांडली, या प्रश्नाचं उत्तर ‘पुष्कळ’. दोन्ही उत्तरं एकाच वेळी बरोबर असतात आणि कुणाला कुठलं सांगायचं, हे सांगणाऱ्याच्या सोयीवर ठरतं.

त्याहून अवघड होता तिसरा प्रश्न: नेमकी कुणाची माहिती गेली? नोंदींवरून कंपनीला हे सांगता येत होतं, की कोणत्या संकेतस्थळांच्या पानांमुळे गळती झाली. शेवटच्या पाच दिवसांत अशी संकेतस्थळं ६,४५७ होती. पण त्या पानांच्या शेपटीत कुणाचं काय गेलं, याची नोंद कुठेच नव्हती. फळ्यावर त्या क्षणी आधीच्या कुठल्या तासाचं गणित होतं, हे फळ्याला माहीत नसतं. म्हणून ‘आमच्या वापरकर्त्यांची माहिती गळली का?’ असं विचारणाऱ्या ग्राहकाला शक्यतेच्या भाषेतच उत्तर द्यावं लागलं: तुमची रहदारी जितकी जास्त, तितकी तुमचं काही गळलं असण्याची शक्यता जास्त.

चूक कुणाची, झळ कुणाला

इथे या प्रकरणाचा गाभा आहे. अर्धवट टॅग लिहिलेलं पान ‘अ’चं. पासवर्ड गळला तो ‘ब’च्या संकेतस्थळावर आलेल्या ‘क’चा. तो पोचला ‘अ’चं पान उघडणाऱ्या ‘ड’कडे. ‘ब’नं आपलं संकेतस्थळ काटेकोर बांधलेलं असेल, त्या तीन सेवांपैकी एकही वापरली नसेल, तरी त्यानं तो वाचत नाही. त्याचा दोष एवढाच, की त्याची देवडी ‘अ’च्या देवडीशी सामाईक होती. आणि ‘क’चा तर तेवढाही नाही. त्यानं कुलूप पाहिलं, पासवर्ड टाकला. क्लाउडफ्लेअर हे नाव त्याच्या कानांवर कधी आलंही नसेल.

सामाईक देवडीची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. २०१४चा हार्टब्लीड हाही असाच चौकटीबाहेर वाचणारा दोष होता. पण तो ‘ओपन-एसएसएल’ या सगळ्या जगानं आपापल्या सर्व्हरवर बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये होता. तिथे दुरुस्ती प्रत्येक मालकाला स्वतः करावी लागली आणि दुरुस्ती हाती आल्यानंतरही कित्येक सर्व्हर दीर्घकाळ तसेच उघडे राहिले. क्लाउडब्लीडमध्ये एका कंपनीनं एका रात्रीत लाखो संकेतस्थळांची गळती बंद केली. त्यांच्या मालकांना बोटही हलवावं लागलं नाही. एकवटलेल्या व्यवस्थेत चूक सगळ्यांना एकदम बाधते आणि औषधही सगळ्यांना एकदम लागू होतं. छोट्या प्रकाशनाचं किंवा संस्थेचं संकेतस्थळ हल्ल्यांपुढे एकट्यानं टिकणं कठीण असतं, म्हणून प्रॉक्सी नकोच, असा निष्कर्ष मी काढणार नाही.

मग काय करायचं? तांत्रिक उत्तराचा एक भाग भाषेत आहे. सी भाषा बोट कुठेही नेऊ देते. चौकट पाळायची जबाबदारी लिहिणाऱ्यावर टाकते. रस्टसारख्या नव्या भाषेत नेहमीच्या पद्धतीनं लिहिलेला प्रोग्राम चौकट ओलांडू लागला तर त्याला अडवलं जातं. क्लाउडफ्लेअरनं पुढे पान बदलणारा नवा पार्सर रस्टमध्ये लिहिला आणि २०२२मध्ये जाहीर केलेली ‘पिंगोरा’ ही प्रॉक्सीही रस्टमध्येच बांधली. एका चिन्हाची चूक माणूस पुन्हा करणारच. तिची किंमत कमी करणं एवढं आपल्या हातात असतं.

दुसरा भाग रचनेचा आहे. या प्रकरणात ‘वन-पासवर्ड’ या पासवर्ड सांभाळणाऱ्या सेवेचं नावही पुढे आलं होतं. तिनं सांगितलं, की आपल्या ग्राहकांची गुपितं ब्राउझरच्या कुलपाच्या आतही आणखी सांकेतिक बांधणीत असतात आणि ती बांधणी वापरकर्त्याच्या यंत्रावरच होते. देवडीवर लिफाफा फोडला तरी आत आणखी एक बंद डबी. दोन माणसांमधले निरोप शेवटपर्यंत बांधून नेणाऱ्या सेवाही याच तत्त्वावर चालतात. जे खरोखर गुप्त राहायला हवं, ते मध्यस्थाच्या निर्दोषपणावर सोडू नये, हा त्याचा अर्थ. सगळ्याच माहितीला असं बांधता येणार नाही. पण आजार, पैसा, खाजगी पत्रं यांबाबत तरी संकेतस्थळांना हा प्रश्न विचारता येतो.

तिसरा भाग कायद्याचा. आपल्याकडे ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२च्या आदेशानं सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणं बंधनकारक केलं. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात माहिती फुटली तर ज्याची माहिती आहे त्या माणसालाही कळवण्याची तरतूद आहे. दोन्ही तरतुदी आवश्यक आहेत. पण क्लाउडब्लीड त्यांची मर्यादा आधीच दाखवून गेलं होतं. कळवायचं कुणाला, हेच जिथे सांगता येत नाही, तिथे कळवण्याची सक्ती अपुरी पडते. अशा वेळी आपले मध्यस्थ कोण आहेत, हे संकेतस्थळांनी आधीपासूनच स्पष्ट लिहून ठेवलेलं असेल, तर निदान ‘मी त्या वाटेनं गेलो होतो का’ हे वापरकर्त्याला ठरवता येईल.

सामान्य वापरकर्त्याच्या हाती थोडंच आहे, पण ते निरुपयोगी नाही. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवला तर एक गळल्यानं बाकीचे जात नाहीत. लॉग-इनला दुसरी पायरी जोडली तर नुसत्या पासवर्डवर काम भागत नाही. आणि अशी बातमी आली की पासवर्ड बदलण्याबरोबरच सगळ्या यंत्रांवरून एकदा लॉग-आउट करावं. कारण चोरलेली कुकी पासवर्डशिवायही दार उघडू शकते. चालू असलेलं लॉग-इन संपवलं, की बहुतेक ठिकाणी ती निकामी होते.

क्लाउडब्लीडचा कुणी दुष्टाव्यानं फायदा घेतल्याचा पुरावा कंपनीला आढळला नाही. हे नशीब म्हणायचं. दोष ज्याच्या नजरेला पडला तो ते जाहीरपणे सांगणारा माणूस होता, आणि सांगितल्यावर ऐकणारी माणसं शुक्रवारी संध्याकाळीही जागेवर होती. पुढच्या वेळी दोन्ही गोष्टी जुळतीलच असं नाही. आजही आपण रोज कित्येक देवड्यांवरून ये-जा करतो. तिथे कोण बसलं आहे, ते आपलं काय वाचतं आणि वाचल्यावर फळा पुसतं की नाही, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. तो वापरायचा तर आधी मध्ये देवडी आहे, हे आपल्याला ठाऊक असायला हवं.